दोन खेळाडू बाहेरगावी चालले आहेत. टेबलावरचे कॅम्पेन ऑनलाइन कसे न्यावे?

डोंगरवाट

नमस्कार. पुण्यात कोथरूडला आमच्या घरी गेली काही वर्षे डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रे रंगवत, फासे टाकत खेळायच्या कथा-खेळाचे एक कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत पुढे जाणारे कथानक, चालू आहे. खेळाडू पाच आणि डीएम, म्हणजे कथा सांगून खेळ चालवणारी व्यक्ती, मी. नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे 2014 सालच्या पुस्तकांतले. रविवारी दुपारची जेवणे आटोपली की टेबलावर चौकटींची मॅट पसरायची, ओल्या फडक्याने पुसला जाणाऱ्या मार्करने तिच्यावर खोल्या आणि बोळ आखायचे, मिनीएचर्स, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, मांडायच्या आणि दिवेलागणीपर्यंत खेळायचे, असा आमचा शिरस्ता आहे. पात्रे सातव्या लेव्हलला पोहोचली आहेत आणि कथानक अशा वळणावर आहे की ते अर्धवट सोडायला कोणीच तयार नाही.

पुढच्या महिन्यात एक खेळाडू नोकरीनिमित्त म्युनिकला जात आहे आणि दुसऱ्याची बदली बंगळुरूला झाली आहे. खेळ ऑनलाइन न्यायचा हे ठरले आहे. कसा न्यायचा यावर एकमत होत नाही. पुण्यातले तिघे आणि मी नेहमीसारखे टेबलाशी बसून त्या दोघांना लॅपटॉपवर घ्यावे, असे काहींचे म्हणणे आहे. सगळ्यांनी आपापल्या घरून खेळावे, असे मला वाटते, पण त्यामागे माझ्याकडे अनुभवाचा आधार नाही. नकाशांसाठी कोणती व्यवस्था निवडावी, हेही समजत नाही. आमच्यातील एकाचा लॅपटॉप जुना आहे आणि एकजण बहुधा फोनवरूनच येईल, त्यामुळे जड सॉफ्टवेअर चालेल असे वाटत नाही.

माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. मी एखाद्या गुहेचे वर्णन करत असताना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दोघेजण कुजबुजत काहीतरी बेत रचत असतात, तिसरा ते ऐकून मान डोलावतो, आणि थोड्या वेळाने त्यातूनच असे काही निघते की मी तयार करून आणलेले सगळे बाजूला ठेवावे लागते. आमच्या कॅम्पेनमधील उत्तम प्रसंग याच कुजबुजीतून जन्मले आहेत. कॉलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, तेव्हा हे टिकते का? ज्यांनी चालू कॅम्पेन असे हलवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वीसमुखी

अर्ध्यांनी टेबलाशी आणि अर्ध्यांनी पडद्यावर बसायचे, ही रचना करू नये. बाकीचे निर्णय यावरच अवलंबून असल्यामुळे हे आधी सांगतो. खोलीतील चार माणसे एकाच लॅपटॉपच्या माइकसमोर बोलू लागली, की लाकडी टेबलावर पडणारे फासे, खुर्ची सरकल्याचा आवाज, चिवड्याच्या पाकिटाची चुरचुर आणि बोलणे हे सगळे एकाच पातळीवर पलीकडे पोहोचते. खोलीत बसलेल्यांना कोण बोलत आहे ते डोळ्यांनी कळते. म्युनिकमध्ये बसलेल्या व्यक्तीला केवळ गलका ऐकू येतो. अशा रचनेत बाहेरचे दोघे काही आठवड्यांतच खेळाडू न राहता नुसते प्रेक्षक होतात आणि मग कोणत्या ना कोणत्या कारणाने गैरहजर राहू लागतात. सहाही जणांनी आपापल्या हेडसेटवरून यावे, म्हणजे सगळ्यांची गैरसोय सारखी होते. पुण्यातल्यांना एकाच घरी जमायचेच असेल, तर वेगवेगळ्या खोल्यांत बसावे, कारण एकाच खोलीत दोन माइक उघडे असले की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

आता नकाशांविषयी. तुमची गरज पाहता मी आउलबेअर रोडिओ सुचवीन. ते ब्राउझरमध्ये चालते, खेळाडूंनी केवळ दुवा उघडायचा असतो, आणि नकाशा, टोकन (पात्रांच्या सोंगट्या), धुके (न पाहिलेला भाग झाकणारे आवरण) व रेघा आखण्याची साधने एवढ्यावरच त्याचा भर असल्यामुळे ते तुमच्या मॅटच्या सर्वांत जवळ जाते. रोल ट्वेंटी हे अशाच कामाचे दुसरे संकेतस्थळ 2012 पासून आहे. त्यात कॅरेक्टर शीट (पात्राच्या माहितीचे पान), फासे, संगीत सगळे एकाच ठिकाणी मिळते, मोफत खात्यावरही कॅम्पेन चालते, मात्र साठवणुकीला मर्यादा आहे आणि जुन्या लॅपटॉपवर मोठे नकाशे रेंगाळतात. फाउंड्री हे तिसरे सॉफ्टवेअर 2020 मध्ये आले. ते एकदाच विकत घ्यावे लागते, तेही फक्त डीएमने. ज्याला प्रकाश, भिंती, दारे आणि आपोआप होणारे हिशेब हवे आहेत त्याच्यासाठी ते फार समर्थ आहे. पण ग्राफिक्सचा भार ते खेळाडूच्या यंत्रावर टाकते आणि फोनच्या पडद्यासाठी ते बनवलेले नाही, म्हणून तुमच्या गटाला मी आज तरी ते सुचवणार नाही.

फाउंड्रीकडे पुढे कधी वळलात, तर एक अडचण आधीच माहीत असू द्या. ते डीएमच्या संगणकावर चालते आणि खेळाडू बाहेरून त्याला जोडले जातात. आपल्याकडील पुष्कळ घरगुती ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही; एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, याला सीजीनॅट म्हणतात. अशा जोडणीवर राउटरमध्ये फाउंड्रीसाठीचे 30000 क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे बाहेरच्या जोडणीसाठीचे दार, उघडून काही साध्य होत नाही, कारण बाहेरून आलेली विनंती तुमच्या राउटरपर्यंत पोहोचतच नाही. राउटरच्या पानावर दिसणारा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात असे समजावे आणि टनेल, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्गे जोडणी करून देणारी सोय, वापरावा किंवा भाड्याचा सर्व्हर घ्यावा.

एक गोष्ट मात्र साधन कोणतेही निवडले तरी लागू पडते, आणि माझ्या मते ती साधनाच्या निवडीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे. मॅटवर तुम्ही बोलता बोलता अर्ध्या मिनिटात खोली आखता. ऑनलाइन आल्यावर डीएमला सुंदर, रंगीत, तयार नकाशांचा मोह पडतो. आदल्या रात्री जागून तो भिंती आखतो, मशालींचा प्रकाश बसवतो, आणि दुसऱ्या दिवशी खेळाडू त्या किल्ल्याकडे न जाता नदीकडे वळले, की नकळत त्यांना किल्ल्याकडे ढकलू लागतो. केलेले श्रम वाया जाऊ नयेत ही इच्छा स्वाभाविक आहे, पण तिच्यामुळे खेळाडूंचे स्वातंत्र्य आकसते. म्हणून पहिल्या काही सेशनमध्ये रिकामी चौकटींची पाटी उघडावी आणि मॅटवर आखत होता तसेच माउसने आखावे. चित्र ओबडधोबड होईल, पण खेळाडू जिकडे जातील तिकडे तुम्हाला जाता येईल.

कंदिलाच्या_उजेडात

मी कॉल ऑफ कथुलू हा भय आणि तपासाचा कथा-खेळ खेळवते, त्यामुळे नकाशांशी माझा संबंध बेताचाच येतो. आमचा खेळ जवळजवळ पूर्णपणे बोलण्यावर चालतो. तुमच्या कुजबुजीविषयीच्या काळजीबद्दल म्हणूनच लिहावेसे वाटले.

माणसे समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचे वाक्य संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी साधारण 200 मिलिसेकंदांचे अंतर असते. पुण्याहून युरोप-अमेरिकेपर्यंत आवाज जाऊन प्रतिसाद परत यायला जवळपास तेवढाच, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो, आणि त्यात माइक, सॉफ्टवेअर व हेडसेट यांचा विलंब मिळतो. म्हणजे समोरच्याचे संपले असे समजून तुम्ही बोलायला लागता तेव्हा पलीकडे त्याने पुढचे वाक्य सुरू केलेले असते. दोघेही थांबतात, ‘बोला, बोला’ होते, आणि दोनतीनदा असे झाले की मितभाषी खेळाडू बोलण्याचा प्रयत्नच सोडून देतो. टेबलाशी जो माणूस नजरेने, पुढे झुकून, फासा हातात खेळवत ‘मला काही सांगायचे आहे’ हे दर्शवत होता, त्याचे ते सगळे संकेत कॉलवर लुप्त होतात. हे नुकसान डीएमने जाणीवपूर्वक भरून काढावे लागते. ‘आता तुम्ही काय करता?’ असा मोघम प्रश्न सगळ्यांपुढे टाकू नये. पात्राचे नाव घेऊन, एकेकाला विचारावे, आणि जो बराच वेळ बोललेला नाही त्याच्यापासून सुरुवात करावी. तुमच्याकडे लढाया असतात. तिथे कोणाची पाळी आहे हे सांगताना त्याच्यानंतर कोणाची आहे तेही सांगावे, म्हणजे पुढचा खेळाडू आपल्या मंत्राचे वर्णन आधीच काढून ठेवतो.

कुजबूज टिकते, परंतु तिची जागा बदलते. आवाजाच्या वाहिनीवर दोन संभाषणे एकाच वेळी चालू शकत नाहीत. लिखाणाच्या वाहिनीवर कितीही चालतात. आम्ही डिस्कॉर्ड या आवाजी व लेखी गप्पांच्या ॲपवर एक मजकुराची खोली केवळ यासाठी राखून ठेवली आहे. मी बोलत असताना तिथे खेळाडू आपापसात पात्रांच्या तोंडून लिहीत असतात, आणि मी ती उघडी ठेवते पण उत्तर देत नाही. कोणाला माझ्यापासूनही लपवून बेत करायचा असेल तर ते व्यक्तिगत निरोप पाठवतात. तुम्हालाही अशी एक खोली ठेवता येईल. तिथे लिहिणाऱ्यांना ‘लक्ष द्या’ असे सांगू नये, एवढे पथ्य मात्र पाळावे, कारण तेच त्यांचे लक्ष देणे आहे.

ऑनलाइन आल्यामुळे काही गोष्टी टेबलापेक्षा चांगल्या होतात, हेही आवर्जून सांगते. आमचे कथानक 1920 च्या दशकातील मुंबईत, गिरणगावात घडते. एका चाळीतल्या बंद खोलीत तपास करणाऱ्यांना मोडी लिपीतले पत्र सापडते, असा प्रसंग होता, आणि चौघांपैकी एकाच पात्राला, एका निवृत्त कारकुनाला, मोडी वाचता येत होती. मी पत्र हाताने मोडीत लिहून त्याचे छायाचित्र सर्वांना दाखवले आणि त्याच क्षणी देवनागरीतला मजकूर केवळ त्या खेळाडूला व्यक्तिगत निरोपाने पाठवला. तिघे वळणदार अक्षरांकडे बघत राहिले आणि चौथ्याच्या हाती पूर्ण मजकूर होता. त्यातले किती सांगायचे आणि किती दडवायचे हे त्यालाच ठरवायचे होते. त्याने दोन वाक्ये वगळून पत्र वाचून दाखवले, आणि ती वगळलेली वाक्ये पुढच्या सगळ्या तपासाच्या मुळाशी राहिली. टेबलाशी मी त्याला कागद दिला असता, तर शेजारच्याची नजर त्यावर गेल्याशिवाय राहिली नसती.

इझारच्या_काठी

मी म्युनिकमध्येच असतो आणि मुंबईतल्या गटाबरोबर खेळतो, म्हणून तुमच्या बाहेर जाणाऱ्या खेळाडूच्या बाजूने दोन गोष्टी मांडतो.

वेळेचा विचार सर्वांत आधी करावा. भारतातले घड्याळ वर्षभर एकच असते, युरोपातले मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. तुमच्याकडे रात्री आठ वाजता सेशन सुरू झाले, तर इथे उन्हाळ्यात दुपारचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात. तुमची सध्याची दुपारची वेळ कायम ठेवली, तर दोनच्या सुमारास सुरू होणारा खेळ इथे हिवाळ्यात सकाळी साडेनऊला येतो, आणि रविवारी सकाळी दर वेळी तयार होऊन बसणे ही नव्या शहरात घर लावणाऱ्या माणसाकडून ठेवलेली मोठी अपेक्षा आहे. आमच्या गटात एक जण न्यू जर्सीचा आहे. अमेरिकेतले घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलते, त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूतला एक आठवडा नेहमीचे अंतर बिघडते. म्हणून आम्ही वेळ नेहमी भारतीय प्रमाणवेळेतच लिहितो आणि कॅलेंडरचे आमंत्रण पाठवतो. प्रत्येकाच्या फोनवर ते आपोआप स्थानिक वेळेत दिसते.

दुसरी गोष्ट सेशनच्या लांबीची. टेबलाशी पाच तास सहज जातात, कारण त्यात चहा असतो, गप्पा असतात, उठून गॅलरीत जाणे असते. पडद्यासमोर हेडसेट लावून सलग अडीच तासांनंतर लक्ष टिकत नाही. सेशन लहान करावे आणि जमल्यास अधिक वेळा घ्यावे. परंतु लहान करताना पहिला बळी गप्पांचा जाऊ देऊ नका. आमचा डीएम अर्धा तास आधी कॉल उघडतो आणि त्या अर्ध्या तासात खेळाविषयी काहीही बोलायचे नाही असा संकेत आहे. कोणाच्या आईचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले, कोणाच्या सोसायटीत पाण्याचे टँकर येत आहेत, हे सगळे मला तिथेच कळते. दूर राहणाऱ्यासाठी त्या अर्ध्या तासाचे मोल खेळाइतकेच असते. ते मिळाले नाही तर कॅम्पेनही त्याला एखाद्या ऑफिसच्या मीटिंगसारखे वाटू लागेल.

गैरहजेरीचा नियमही आताच ठरवा. सहापैकी चार जण असले की खेळ होणार, हे एकदा मान्य झाले की कोणाच्याही प्रवासामुळे रविवार रद्द होत नाही. ऑनलाइन कॅम्पेन बहुधा भांडणाने मोडत नाहीत. दोनतीन सेशन पुढे ढकलली जातात आणि मग पुन्हा कोणी तारीख विचारत नाही.

डोंगरवाट

आपणा तिघांचेही मनापासून आभार. हा धागा मी आमच्या गटात पाठवला आणि अर्धे टेबलाशी, अर्धे पडद्यावर हा पर्याय सर्वांच्या संमतीने बाद झाला. वेळ रविवारी रात्री आठची ठरत आहे आणि आधीचा अर्धा तास गप्पांचा, हे म्युनिकला जाणाऱ्या खेळाडूने स्वतःच मागून घेतले.

फाशांवर मात्र वाद अडकला आहे. दोघांना आपले स्वतःचे फासे टाकून आकडा सांगायचा आहे. एकीने तिच्या पहिल्या पगारातून घेतलेला धातूचा संच ती सोडणार नाही म्हणते. उरलेल्यांना सगळ्यांसमोर दिसणारे सॉफ्टवेअरचे फासे हवे आहेत. अविश्वासाचा प्रश्न नाही, पण पुढे तो उद्भवू नये असे वाटते. आपला काय अनुभव आहे?

वीसमुखी

खरे फासे ज्यांना हवे आहेत त्यांना टाकू द्यावेत. ज्या माणसाबरोबर तुम्ही काही वर्षे एका टेबलाशी बसला आहात, त्याच्या आकड्यावर पुण्यात विश्वास होता तर बंगळुरूतही असायला हरकत नाही. अनोळखी लोकांबरोबर खेळताना मी सॉफ्टवेअरचे फासे बंधनकारक करीन; तुमच्या गटात तशी गरज दिसत नाही. फक्त डिस्कॉर्डवर आवाज गाळण्याची सोय बंद करून पाहा, कारण ती फाशांचा खडखडाट अनावश्यक आवाज समजून कापून टाकते, आणि फासा टेबलावर घरंगळत असताना सगळ्यांचे श्वास थांबतात तो क्षणच नाहीसा होतो.

सॉफ्टवेअरच्या फाशांविरुद्ध ‘हे फासे बिघडलेले आहेत’ अशी तक्रार लवकरच ऐकू येईल, तिची तयारी ठेवा. वीसमुखी फासा 30 वेळा टाकून एकदाही 20 न येण्याची शक्यता सुमारे 21 टक्के असते. म्हणजे पाच खेळाडूंनी प्रत्येकी 30 वेळा फासा टाकला, तर त्यांतील एकाला एकही 20 न मिळणे अगदी स्वाभाविक आहे. टेबलाशी असे झाले की माणूस फासा बदलतो आणि त्याचे समाधान होते. पडद्यावर बदलायला काही नसते, म्हणून राग प्रोग्रॅमवर निघतो.

एका ठिकाणी मात्र मी सॉफ्टवेअरचाच आग्रह धरतो. लपून जाणे, खोटे ओळखणे, सापळा शोधणे, अशा प्रसंगी खेळाडूला स्वतःचा आकडा कळला की तो पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट स्वतः जाणतो: 3 पडले म्हणजे सापळा असूनही दिसला नसेल, हे त्याला समजते. फाउंड्रीमध्ये फासा खेळाडूने टाकायचा पण आकडा फक्त डीएमला दिसायचा, अशी सोय आहे. तुम्ही आउलबेअर वापरणार असाल, तर अशा वेळी तो फासा तुम्हीच पडद्याआड टाकावा आणि हा नियम आधी सर्वांना सांगून ठेवावा.

कंदिलाच्या_उजेडात

वीसमुखी यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, तरी एक मतभेद नोंदवते. आकडा लपवण्याने प्रत्येक गटाचा आनंद वाढतोच असे नाही. आमच्या खेळात टक्क्यांचे फासे असतात, कौशल्याच्या आकड्याइतके किंवा त्याहून कमी पडले तर यश मिळते, आणि कौशल्य 60 असताना 61 पडल्याचे खेळाडूने स्वतः पाहणे, यातच पुष्कळदा थरार असतो. नव्या माध्यमात आधीच बरेच काही बदलणार आहे. त्यात खेळाडूंच्या हातातून फासाही काढून घ्यायचा की नाही, हे त्यांना विचारूनच ठरवावे.

चालू कथानकाचे पुढचे सेशन थेट ऑनलाइन घेऊ नये, असे मला वाटते. ते दोघे जाण्यापूर्वी, सगळे पुण्यात असतानाच, आपापल्या घरून एक छोटा वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा खेळ, खेळून पाहा. पात्रे तात्पुरती, कथा दोन तासांत संपणारी, आणि वेळ तीच, रविवारी रात्री आठची, म्हणजे त्या वेळी प्रत्येकाच्या घरचे इंटरनेट कसे चालते आणि मागे टीव्हीचा आवाज किती असतो तेही कळेल. जो खेळाडू फोनवरून येणार आहे त्याला नकाशावरचे टोकन बोटाने हलवता येते का, अक्षरे वाचता येतात का, हे तेव्हाच पाहून घ्या. त्याला ते जड गेले, तर त्याचे टोकन हलवण्याची जबाबदारी दुसऱ्या एका खेळाडूकडे सोपवा. डीएमने ती आपल्याकडे घेऊ नये.